न तुटणारी भाकरी

खाज म्हणजे काय, हे मला कुणी शिकवायला येऊ नये. डास चावल्यावर येते, लोकरीच्या स्वेटरनं येते, तिला मी खाज म्हणतच नाही. माझी खाज कोपरांवर, गुडघ्यांवर, कंबरेखाली आणि मानेवर केसांच्या कडेला येते, दोन्ही बाजूंना सारखी. आधी आग होते, मग बारीक पाणीदार फोड उठतात, आणि ते धड दिसायच्या आधी नखांनी फुटलेले असतात. डॉक्टरला दाखवायला जावं तर फोड उरलेला नसतो, नुसतं रक्त. तीस वर्षांच्या वर झाली, माझ्या अंगावर यातलं काही नव्हतं. आणि यंदा आषाढात एका सकाळी चहा गाळता गाळता माझा उजवा हात आपोआप डाव्या कोपराकडे गेला. गाळणी खाली ठेवली, कोपर खिडकीच्या उजेडात धरलं. तेच होतं.

मी निलांबिका म्हेत्रे. मंगळवेढ्याच्या एसटी स्थानकात चौकशीच्या खिडकीत बसून आयुष्य काढलं. हल्ली गाडी स्वतःच बोलते, कुठं चाललीय, किती उशीर आहे, कुठली जागा रिकामी आहे, म्हणून आमची खिडकी बंद झाली आणि मला वेळेआधी घरी बसवलं. पण ‘सांगोला गाडी लागली का हो’ या एकाच प्रश्नाला उत्तर देऊन देऊन माझा आवाज जो चढला तो चढलाच. लोक मला रागीट म्हणतात. म्हणू देत की.

लग्न झालं तेव्हा मी चोवीस वर्षांची होते. आमच्या लिंगायतांच्या लग्नात हुग्गी, म्हणजे गव्हाची गुळातली खीर, हवीच. सासरी तर दोन्ही वेळा चपाती. ते स्वतःला सुधारलेले समजत आणि भाकरी म्हणजे गड्यांचं खाणं. वर्षाच्या आत अंग फुललं. कुणी खरूज म्हणालं, कुणी नागीण. नवऱ्याच्या आत्यानं तर मागच्या जन्मी मी साप मारला असणार असा शोध लावला. शेवटी पुण्याच्या एका म्हाताऱ्या डॉक्टरांनी रोग ओळखला आणि डॅप्सोनची गोळी दिली. दोन दिवसांत खाज अशी थांबली की मी बाथरूममध्ये बसून रडले.

पण ती गोळी मुळात महारोगावरची. औषधवाल्यानं सासऱ्यांच्या कानावर घातलं, सासऱ्यांनी सासूच्या, आणि सासूनं माझं ताट वेगळं केलं. मी डॉक्टरांचा फोन लावून दिला. महारोग नाही, गव्हाचा त्रास आहे, असं ते स्वच्छ बोलले. त्यावर सासूबाई म्हणाल्या, गव्हाचा कधी कुणाला त्रास होतो होय? माझी बॅग त्यांनी आधीच भरून ठेवली होती.

माहेरी आले तेव्हा माझा धाकटा भाऊ विरुपाक्ष, आमचा विरू, बारा वर्षांचा होता. अव्वानं, म्हणजे आमच्या आईनं, त्याला काही सांगितलं नाही, पण एवढ्याशा घरात कुणापासून काय लपतं. गहू सोडला, वर्षभरानं गोळीही सुटली. पुढं मी जगले ती ज्वारीवर. भाकरी, कण्या, घुगऱ्या, लाह्या. घरात घरघंटी आणली, कारण बाहेरच्या गिरणीत ज्वारीवर ज्वारी टाका म्हणून कितीही ओरडलं तरी जात्यात मागच्याचा गहू राहतोच. आणि विरू शिकत गेला. मी शिकवला. सोलापूरच्या बाहेर धान्यवेध म्हणून संशोधन संस्था आहे, तिथं तो आज मोठा शास्त्रज्ञ आहे.

आता भाकरीतलं शास्त्र सांगते, कारण सगळं रामायण तिथून आहे. गव्हाच्या पिठात ग्लुटेन असतं. पाणी घालून मळलं की त्याचे बारीक दोर होतात, एकमेकांत गुंततात, म्हणून चपाती लाटली की ताणते आणि तुटत नाही. ज्वारीत हे दोर नाहीत. म्हणून उकळतं पाणी घालायचं, तळव्यानं रगडायचं, थापायचं, आणि तव्यावर टाकेपर्यंत श्वास धरायचा. हे आजकालच्या पोरींना येत नाही आणि यंत्राला तर नाहीच नाही. आता गेली काही वर्षं उन्हाळा माघातच सुरू होतो, गहू दाणा भरायच्या आधी करपतो, आणि ज्वारी तेवढी तग धरते. सरकारला वाटलं, ज्वारी लाटता आली तर शाळांच्या जेवणापासून रेशनपर्यंत प्रश्नच मिटला.

विरूनं ते केलं. गव्हातल्या दोर वळणाऱ्या प्रथिनाचं जनुक उचललं, त्यातले पोटाला बाधणारे तुकडे शोधून कापून टाकले, आणि उरलेलं ज्वारीत बसवलं. आतड्याचा आजार असलेल्या, गहू न चालणाऱ्या माणसांना कितीतरी महिने ती ज्वारी खाऊ घातली. सगळ्यांची आतडी ठणठणीत. वाणाला नाव दिलं निलांबिका. समारंभात मला मंचावर बोलावलं, माझ्या हातात भाकरी दिली आणि दोन्ही टोकांनी ओढायला सांगितली. ती ताणली. तुटली नाही. विरू माईकवर म्हणाला की माझ्या अक्काला उभ्या जन्मात मऊ चपाती मिळाली नाही, हे मी तिच्यासाठी केलंय. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला बोलू.

शिमग्यानंतर नव्या ज्वारीचं पहिलं पोतं माझ्या घरी आलं आणि मी रोज तीच खाल्ली. शेजारणींना बोलावून बोलावून दाखवली. आणि आषाढात कोपर पेटलं.

त्याच दिवशी मी विरूला फोन केला. मला वाटलं होतं, धावत येईल. त्यानं प्रश्न विचारायला सुरुवात केली. गिरणीतून काही दळून आणलं का? हिंग बदललं का, बाजारातल्या हिंगात गव्हाचं पीठ असतं. कुठं लग्नाला गेले होते का? तीस वर्षं हिंगाच्या डबीवरची बारीक अक्षरं मी भिंगातून वाचत आलेय, ही माहितीही मीच त्याला दिलेली. शेवटी आवाज मऊ करून तो म्हणाला, “अक्का, चपाती खाल्लीस का गं? खाल्ली असशील तर सांग, मी रागावणार नाही.”

मी फोन ठेवला. रागावणार नाही म्हणे. ज्याचं शेंबडं नाक मी पुसलं, तो मला माफ करायला निघाला होता.

सोलापुरात डॉ. तबस्सुम इनामदार म्हणून कातडीच्या डॉक्टर आहेत. त्यांनी फोडाशेजारच्या चांगल्या कातडीचा भाताच्या शिताएवढा तुकडा काढला, त्यावर चमकणारा रंग घातला आणि मला भिंगाखाली दाखवला. काळ्या पडद्यावर हिरवे ठिपके, ओळीनं. त्यांनी समजावून सांगितलं ते असं. गव्हाच्या पोटाच्या आजारात शरीर आतड्यातल्या एका एंझाइमवर चिडतं. माझ्या आजारात ते त्याच्या चुलतभावावर चिडतं, जो कातडीत असतो. चिडलेले रेणू रक्तातून येतात आणि कातडीखाली साठतात, तेच हे हिरवे ठिपके. म्हणून माझ्यासारखीचं पोट कधीकधी काही बोलत नाही आणि कातडी किंचाळते. त्यांचा अंदाज असा, की विरूनं कापलेले तुकडे पोटाचे होते, कातडीला ओळखू येणारा एखादा तुकडा आत राहिला असणार. त्यांनी डॅप्सोन लिहून दिलं. मी घरी नेलं आणि कपाटात टाकलं. गोळीनं ठिपके जात नाहीत, फक्त तोंड बंद होतं.

अहवाल विरूकडे पाठवला. त्याचं उत्तर काय यावं? यावरून एवढंच सिद्ध होतं की अक्काच्या पोटात कुठून तरी गहू गेला. कुठून, ते सिद्ध होत नाही. आणि भाद्रपद संपता संपता जिल्हाभर निलांबिकेची पेरणी आहे, बियाणं भरून तयार आहे, आता अशा शंका काढू नयेत. माझा अहवाल त्यानं माझ्याच तोंडावर मारला.

मी म्हटलं, बरं. सिद्धच करायचंय ना.

आषाढ निम्मा सरला होता, श्रावणातली नागपंचमी जवळ येत होती. पंचमीला भावानं बहिणीला माहेरी न्यायचं असतं आणि ती आपणहून आली तर तिला कुणी परत धाडत नाही. मी बॅग भरली, बोलणाऱ्या गाडीत बसले आणि सोलापूरला विरूच्या दारात उभी राहिले. त्याची बायको पल्लवी गणित शिकवते, मोजून बोलते. तिला मी सरळ सांगितलं, की तुमच्या घरातून गहू, मैदा, रवा, बिस्किटं, हिंग सगळं बाहेर काढ. संस्थेतून विरूच्या हातानं सीलबंद निलांबिका येऊ दे, नवी घरघंटी आण, तुझ्या हातानं मळ आणि लाट. मी घराबाहेर पाऊल टाकणार नाही, गोळी घेणार नाही आणि दुसरं काही तोंडात घालणार नाही. विरू म्हणाला, अक्का, हा काय तमाशा. पल्लवीनं मात्र त्याच दुपारी डबे रिकामे केले.

मग सुरू झालं ते शत्रूवरही येऊ नये. पहिल्यापेक्षा वाईट. बसता येईना, टेकता येईना. फणीचे दात मानेवरून ओढले की क्षणभर बरं वाटायचं आणि मग रक्त. पल्लवी चादरी बदलायची. विरू समोर बसून जेवायचा, त्याच भाकऱ्या, मऊ, पांढऱ्या, एकावर एक ठेवलेल्या. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो मी त्याच्या डोळ्यांसमोर खात होते, आणि तो आमटीत भाकरी बुडवत होता. मला इतका राग यायचा, की कधीकधी खाज विसरायला व्हायचं.

एकदा जेवताना मी त्याला विचारलं, तुझ्या चाचणीत पोटाचे रोगी होते, माझ्यासारखे कातडीचे किती होते?

तो ताटातच बघत म्हणाला, एकही नाही.

का नाही, म्हटलं. तर म्हणाला, त्यातल्या बऱ्याच जणांना गोळी चालू असते, अंगावर आधीचे डाग असतात, निकालात गोंधळ होतो. म्हणून सुरुवातीलाच वगळले. सगळीकडे तशीच पद्धत आहे.

मी जेवणाच्या ताटावर बसले होते म्हणून, नाहीतर काय केलं असतं सांगता येत नाही. बहिणीच्या नावानं ज्वारी काढली, बहिणीच्या नावानं टाळ्या घेतल्या, आणि बहिणीच्या रोगाची माणसं दारातूनच हाकलली. पल्लवीनं पाण्याचा तांब्या जरा जोरातच खाली ठेवला.

त्यानंतर दोनेक दिवसांनी विरू सकाळी माझ्या खोलीत आला. एका हातात पाण्याचा पेला, दुसऱ्यात गोळी. माझ्या कोपरांकडे बघवेना त्याला.

“घे अक्का. पुरे झालं.”

“म्हणजे पटलं तुला.”

त्यानं पेला खिडकीत ठेवला. मग बसला आणि बोलायला लागला, पुष्कळ बोलला. हो, पटलं. प्रयोगशाळेत त्यानं गुपचूप पुन्हा तपासलं होतं, एक तुकडा राहिलाय. पण आता पेरणी थांबवली तर वाण कायमचा मरेल. हजारो पोरांच्या पोटात या वर्षी गहू नाही तर निदान हे तरी जाईल. पोत्यावर सूचना छापू. तुझ्यासारखी माणसं लाखात दहा-वीस, त्यांनी हे खाऊ नये, आणि चुकून खाल्लं तर गोळी आहेच. मी विचारलं, शाळेतल्या ताटात वाढलेल्या भाकरीवर सूचना कुठं छापणार? एकदा गावभर हीच ज्वारी पिकली, मळणीयंत्र एक, गिरणी एक, तर आम्ही लाखातल्या दहांनी साधी ज्वारी कुठून आणायची? गहू सोडून ज्वारीवर आलो, आता ज्वारी सोडून कुठं जायचं? त्यानं गोळी तेवढी पुन्हा पुढं केली.

“विरू, माझ्या सासूला काही कळत नव्हतं, म्हणून तिनं मला हाकललं. तुला सगळं कळतंय.”

त्याचा चेहरा पडला. पडू दे म्हटलं. पेला मी खिडकीतून रिकामा केला आणि गोळी त्याच्या खिशात परत घातली. त्यानं हात जोडले, निदान ती भाकरी तरी खाणं थांबव म्हणाला. मी म्हटलं, तू मला सांगितलंस ते तुझ्या संस्थेत सांग, त्या क्षणी थांबवते. तो उठून गेला. सांगितलं नाही.

पंचमीच्या आदल्या दिवशी संस्थेचे संचालक रणदिवे घरी आले. पेरणीच्या शुभारंभाला पहिली पिशवी अक्कांच्या हातून द्यायची, असं त्यांच्या डोक्यात होतं. बरोबर कॅमेरावाली मुलगी होती. रणदिवे माणूस वाईट नाही, गोडबोल्या आहे. माझ्या अंगावर शाल होती, त्यांना काही दिसलं नाही. ते म्हणाले की अक्कांनी आपल्या नावाची भाकरी खाताना एक छोटं चित्रण करू, जिल्हाभर दाखवता येईल.

पल्लवी पटकन म्हणाली, आज नको. आज चतुर्थी, आज बहिणीचा भावासाठी उपवास असतो. भावाचं आयुष्य वाढावं म्हणून. अक्कांनी आजवर कधी चुकवलेला नाही.

खरं होतं ते. सासरी होते तेव्हाही केला, अंगभर फोड होते तेव्हाही केला. रणदिव्यांनी लगेच हात जोडले, मग राहू दे, उपवास मोडायचा नाही म्हणाले.

“आज माझा उपवास नाही,” मी म्हटलं. “आण गं पल्लवी भाकरी.”

पल्लवीनं माझ्याकडे बघितलं. मग आत गेली आणि टोपलीतली भाकरी ताटात घालून घेऊन आली. विरू भिंतीला टेकून उभा होता. बहिणीनं त्या दिवशी त्याच्यासमोर जेवावं म्हणजे काय, हे आमच्याकडे लहान पोरालाही कळतं. मी शाल काढून खुर्चीवर टाकली. कॅमेरावाल्या मुलीच्या तोंडून ‘आई गं’ निघालं. रणदिवे माझ्या हातांकडे बघत राहिले, आणि मी भाकरीचा तुकडा मोडायला लागले. मेली तुटायलाही वेळ लावते. पहिला घास खाल्ला. दुसरा खाल्ला. मुलगी कॅमेरा बंद करायचं विसरली होती. मी विरूकडे बघत तिसरा घास उचलला, तेव्हा तो भिंतीपासून सुटला आणि त्यानं माझं मनगट धरलं. इतकं घट्ट, की फोड फुटले.

“खाऊ नको.”

“का नको? कारण सांग.”

“अक्का, नको ना.”

“यांना सांग, का नको ते. नाहीतर हात सोड.”

हात त्यानं सोडला नाही. रणदिव्यांनी विचारलं, विरुपाक्ष, हे काय आहे? तेव्हा तो माझ्या मनगटाकडे बघत बोलला, हळू, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं. हे आपल्या ज्वारीनं झालंय. पोटाचे तुकडे काढले, कातडीचा राहिला. मला माहीत होतं. पेरणी होता कामा नये. रणदिवे म्हणाले की हे आपण कार्यालयात बोलू, आधी कॅमेरा बंद करा. विरूनं मुलीला सांगितलं, बंद करू नको. आणि सगळं पुन्हा एकदा म्हणाला, चाचणीतून कुणाला वगळलं इथपासून.

पेरणी थांबली. बियाणं कुलपात गेलं, विरूच्या खुर्चीवर दुसरा माणूस आला. वर्तमानपत्रांनी आठवडाभर त्याला सोलून काढला. त्यांतल्या एकालाही मी मुलाखत दिली नाही. आता डॉ. इनामदारांबरोबर कातडीची माणसं शोधून तो नव्यानं चाचणी मांडतोय, संस्थेच्या मागच्या एका खोलीत. वाण सुधारेल म्हणतो. सुधारला तर आनंद आहे, पोरांना खाऊ दे. मी पुन्हा माझ्या साध्या ज्वारीवर आहे, थापते आणि मोडते, आणि अंग हळूहळू सुकतंय. जखमांचे काळे डाग मात्र आता जायचे नाहीत.

परवा तो मंगळवेढ्याला आला होता. ओसरीवर बराच वेळ बसला. मी समोर ज्वारी निवडत राहिले. शेवटी त्यानंच विचारलं, की अक्का, सगळं केलं, सगळं सांगितलं, आता तरी राग गेला का?

“नाही गेला,” मी म्हटलं. “मी आषाढात फोनवर सांगितलं होतं, विरू. तेव्हा माझा शब्द पुरला नाही तुला, माझी कातडी लागली. तो राग कसा जाईल?”

मी आत गेले आणि त्याच्यासाठीही पीठ भिजवलं.